तुझं रडणं कापलेला पिच्चर

आये,

तर त्यानं तुझा आवाजच कापला! तोंड तुझं, पदर तुझा, आणि वर वाजतंय व्हायोलिन. मुरबाडहून जीपमध्ये चेंगरत कल्याणला गेले, तिकीट काढून पिच्चर बघितला. शेजारची बाई म्हणते, "म्युझिक काय छान आहे!" मी म्हटलं, "बाई, माझी आय रडतेय तिथं."

तू जाऊन वरीस व्हायला आलं, कधी एक ओळ लिहिली नाय तुला. आता लिहितेय, कारण रविवारी तो शहापूरला येतोय, सत्काराला. तोच गो, टीव्हीवर दिसला की तू "आपला इन्स्पेक्टर आला" म्हणायचीस तो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पिच्चरात कामं केली, आता पहिल्यांदा स्वतः काढला.

पिच्चरासाठी आपल्या गावात, शेणव्याला आला नि विचारत सुटला, मयताचे गुण गाऊन रडणारी म्हातारी कोण? सगळ्यांनी तुझंच दार दाखवलं. त्यानं लिहिलेला कागद पुढं केला, तर तू म्हणालीस, "शब्द नको देऊ रे बाबा. मेला त्याचं नाव सांग, नि तो कसा व्हता ते सांग."

शूटिंगला, तिसऱ्या वेळी रडताना, मढ्याचं सोंग घेतलेला माणूस शिंकला. तू रडता रडता थांबलीस. "मेलास ना? मग गप पड!" किती हसले सगळे!

नऊ वेळा रडवलं तुला. "आजी, अजून एकदाच." नवव्या वेळी म्हणे तू त्या मढ्याला सोडून आमच्या बाबाच्या नावानं रडलीस. म्हणे! कारण मी होते कुठं? "तुझं चालू दे, माझी जीप जाईल," असं तुझ्यावर खेकसून मी निघाले होते.

बाबा गेला तेव्हा मी दोन वर्षांची. तो कसा होता ते तू मला जन्मात सांगितलं नायस. विचारलं की चुलीत लाकूड सारायचीस. परक्या माणसाच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलंस! असं का केलंस गो?

शेजारच्या काकीला विचारलं, काय काय बोलली आय? ती म्हणते, "अगो, आमी तर त्या हिरोकडं बघत व्हतो."

पिच्चरवाल्यांना फोन केला. पोरगा म्हणाला, "सर म्हणाले, शब्द लोकांना कळत नाहीत. तो आवाज आता नाहीये मॅडम." नाहीये. संपलं.

तू गेलीस तेव्हा तुझ्यासाठी असं कोण रडलं? कोणी नाय. मी लाकडं, पाव्हणे, चहा बघत होते. मला येतच नाय ते. आणि सत्कारवाले सांगतात, "ताई, स्टेजवर आईसारखं दोन मिनिटं रडून दाखवा." लाज नाय मेल्यांना!

रडून दाखवणार नाय, हा शब्द देते. शालही घेणार नाय. माईकवर त्याला विचारीन, माझ्या बाबाचे गुण कुठं फेकलेस? तो हात जोडील, लोक टाळ्या वाजवतील, मी घरी येईन. दुसरं काय होणार?

मेलेलं माणूस उत्तर देत नाय, कळतं मला. तरी सांगून ठेवते. शनिवारी दिवस मावळायच्या आत सांग. सगळं नको, एकच गोष्ट सांग. बाबा कसा होता?

तुझी,
बेबी