गेणबा कानड्याच्या दोन लेकी

मी, सारजा सोपान मारकड, माहेरची सारजा गेणबा कानडे, वय सत्तर, धंदा शेती, पूर्वी अंगणवाडी सेविका, राहणार भवानीनगरजवळची मारकड वस्ती, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. एका डोळ्याने कमी दिसते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. बारामतीच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम जोडला, कारण माझा धाकटा भाऊ दादासो हे वाचून पहिल्यांदा ‘आक्काचं डोकं फिरलं होतं’ असेच म्हणणार. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचा विचार नाही.

१. वस्तीवरचे राहते घर, पुढची पडवी आणि शेळ्यांचा गोठा माझी एकुलती मुलगी अनिता हिला द्यावा. अनिता बारामतीला दवाखान्यात परिचारिका आहे. तिला इथे येऊन राहायचे नाही हे मला ठाऊक आहे. विकले तरी माझी हरकत नाही. शेळ्या मात्र खाटकाला देऊ नयेत, पाळणाऱ्यालाच द्याव्यात.

२. माझे पती कै. सोपान यांच्यामागे माझ्या नावावर झालेली डाळिंबाची बाग, विहिरीतला पाळीचा हक्क, फवारणीचा पंप आणि बँकेत जे काही असेल ते, हेही अनितालाच. ह्यांची छाटणीची कात्री जावईबापूंना द्यावी. त्यांनी ती गंजवू नये. शिलाई मशीन अंगणवाडीला द्यावे, पोरांच्या फाटक्या चड्ड्या शिवायला उपयोगी पडेल.

३. शेजारणीने लग्नाला म्हणून नेलेली मोठी परात अजून आलेली नाही. ती तिच्याकडेच राहू द्यावी. फक्त ती माझी आहे एवढे तिने चारचौघांत कबूल करावे.

४. आता माझे वडील कै. गेणबा कानडे यांच्या जमिनीतला माझा हिस्सा. हे कलम लांब आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने पुढे जावे, पण दादासोने शब्द न् शब्द वाचावा.

माझे वडील, आमचे आबा, या मुलखातले नव्हते. थोडी मेंढरे आणि एक कुत्रे घेऊन ते ऐन तारुण्यात निरेच्या कालव्याकाठी आले, लोकांच्या रानात मेंढरे बसवू लागले आणि इथेच त्यांनी माझ्या आईशी लग्न केले. बोलण्याला कानडी हेल होता म्हणून लोक त्यांना कानडे म्हणू लागले. शाळेत माझे नाव घालताना मास्तरांनी तेच आडनाव लिहिले. आमच्या आडनावात गाव नाही, नुसती दिशा आहे. गाव विचारले की वडील म्हणायचे, “लांब हाय. आता तितं आपलं कोण न्हाय.” पुढे मेंढरे विकून आणि दोघांनी मजुरी करून त्यांनी कालव्यापलीकडे जमीन घेतली.

कूळ माहीत नसण्याचा त्रास पुरुषाला कमी होतो. माझी दोन स्थळे याच कारणाने मोडली. ‘देव कुठला, भावकी कुठली,’ असे विचारून पाहुणे चहा न घेता उठले होते. सोपानरावांनी विचारले नाही, म्हणून मी या घरात आले. लग्नात मामा उभा होता, पण चुलता म्हणून उभे राहायला कोणी नव्हते. तेव्हापासून मनात होते की आपले माणूस कुठेतरी असेलच आणि ते शोधायचे.

आईमागून वडीलही गेले, तेव्हा अनिता दहावीला होती. दहाव्याला पिंडापुढे गुरुजींनी वडिलांच्या वडिलांचे, आजाचे नाव विचारले. दादासो खाली मान घालून उभा राहिला. मला वाटले, बिचाऱ्याला माहीत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

त्यानंतर मी शोधत राहिले. तहसीलला जुने उतारे काढले. वडिलांचे नाव पहिल्यांदा येते तिथे त्यांच्या बापाच्या नावाची जागा कोरी. बैल घेऊन गावोगाव हिंडणारे, घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगणारे हेळवी आले की मी त्यांना जेवू घालायची. ते म्हणायचे, “बाई, तुमचं घर आमच्या वाट्याचं न्हाय.” जत आणि मंगळवेढा भागातल्या जत्रा मी पालथ्या घातल्या. कुणालाही वडिलांचे नाव सांगितले की माणसे विचारायची, कुठले गेणबा? आणि तेच तर मला ठाऊक नव्हते. अनिताने माझी थुंकी एका बाटलीत भरून कुठल्याशा कंपनीला पाठवली. उत्तर आले की माझे पूर्वज दक्षिण भारतातले. दादासो हसून म्हणाला, “तेवढं तर आडनावातच हाय की, आक्का.”

या सगळ्या वेळी बारामतीच्या स्टँडवर मला मोटारसायकलवरून सोडायला दादासोच यायचा. जाताना भाकरी बांधून आणायचा. “कशाला हिंडतीस? पर जा, तुझ्या मनाला बरं वाटंल,” असे म्हणायचा. मी प्रत्येक जत्रेहून रिकाम्या हाताने यायची आणि तो मला घ्यायला उभा असायचा.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या रानात कर्नाटकातून आलेला मेंढरांचा कळप बसला. मी सहज बघायला गेले. एका मेंढीचा डावा कान शेंड्याला दुभंगलेला आणि खालच्या अंगाला एक चीर. मी तिथेच थांबले. माझ्या शेळ्यांच्या कानाला मी हीच कातर मारते, कारण वडील मारायचे. मेंढरे एकमेकांत मिसळली तर आपली ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घराची कातर वेगळी असते. मी मेंढपाळाला, बीरप्पाला, विचारले, “ही खूण कुणाची?”

“आमच्या घरची जी. दुसऱ्या कुणाची असत न्हाई,” तो म्हणाला. “अथणीच्या पल्याड करेहट्टी म्हणून हाय, तितले आमी.”

मी घरी येऊन पहिला फोन दादासोला केला. मला रडू येत होते. तो म्हणाला, “आक्का, कातर काय, कुणीबी मारतंय. ह्या वयात तू कुठं जातीस? मी आधी बघून येतो.” तो गेला आणि दोन दिवसांनी आला. “बघून आलो. तितं आपलं कोण न्हाय. गेणबा म्हणून कुणाला ठावंच न्हाय.” मी विश्वास ठेवला. त्याच्या प्रवासाला म्हणून दशम्यासुद्धा मीच करून दिल्या होत्या.

पण मन ऐकेना. या वर्षी पाऊस उघडल्यावर मी अनिताला म्हणाले, एकदा माझ्या डोळ्यांनी ते गाव बघू दे, मग विषय सोडते. आम्ही दोघी गाडी करून गेलो.

करेहट्टी लहान आहे. बीरप्पाचे घर विचारले तर एका अंगणात नेले. तिथे एक म्हातारी, बीरप्पाची आई, लोकर पिंजत बसली होती. तिने वर पाहिले. वडिलांचेच नाक, तसेच जाड कान. मी म्हणाले, “मी गेणबाची लेक. बारामतीकडून आले.”

ती म्हणाली, “गेणबाची लेक मी हाय. मायव्वा.”

“मीपण.”

“दुसरी एक होती. सारजा. मेलंय की ते.” तिने शांतपणे सांगितले. “तिचा भाऊच सांगून गेला. दर जत्रंला येतंय त्यो, नारळ, लुगडं घिऊन. आमुशाला मी सारजाचं पान वाढती.”

अनिताने माझा दंड धरला. मी म्हणाले, “मायव्वा, मीच सारजा.”

ती उठून दारापर्यंत मागे सरली. चौकटीला धरून माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे आली, माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला, दाबून पाहिला. “गरम हाय की,” म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडली.

नंतर तिने सगळे सांगितले. मायव्वा नुकती चालायला लागली होती तेव्हा रोगाने कळप मेला. उरलेली मेंढरे घेऊन वडील चारणीला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. तिची आई मरेपर्यंत डोरले घालून वाट बघत राहिली. वडील वारल्यावर दादासो तिथे पोचला आणि त्याने स्वतःची ओळख दिली. आपल्याला एक बहीण आहे हे तिला तेव्हा कळले. “मला सारजाला बघायचंय, मला न्हे, म्हणून लई मागं लागली मी. एका जत्रंला त्यो एकटाच आला आन् रडला. म्हणाला, सारजा गेली. मग मी तिकडं कुणासाठी यायचं?”

परत आल्यावर मी थेट कालव्यापलीकडे भावाच्या घरी गेले. तो ओट्यावर चहा पीत होता. त्याची बायको सुकन्या शेजारी मेथी निवडत होती.

मी विचारले, “दादासो, मी मेले कधी?”

त्याने कप खाली ठेवला. “कुणी सांगितलं?”

“मायव्वानं.”

“आबांनी मरताना शपथ घातलीती. आक्काला सांगू नको म्हणून.”

“मी मेले म्हणून सांगायची पण शपथ घातली होती?”

तो चिडला. “मग काय करू? ती हितं आली असती, तू हळवी, तू म्हणली असतीस, हिला वाटा दे. रान केवढंसं हाय आपलं?”

सुकन्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. “तुमी दरसाली मोरगावला दर्शनाला जात होता ना?” तिने विचारले.

माझ्या हिश्शाची वहिवाट इतकी वर्षे दादासोच करतो आणि मी एकदाही काही म्हणाले नाही. सातबाऱ्यावरून माझे नाव कमी करण्यासाठी हक्कसोडीची सही तो मागत होता. ती मी या भाऊबीजेला देणार होते. ओवाळणीच्या ताटात कागद ठेवीन असे अनिताजवळ बोलले होते. ज्या जमिनीसाठी त्याने मला मारले, ती मी त्याला हसत दिली असती. हे मी त्याला त्या दिवशी सांगितले आणि उठले. भाऊबीजेला गेले नाही.

आबांनी खरोखर शपथ घातली होती का, हे मला कळायला आता मार्ग नाही. कधी वाटते, घातली असेल. आजारपणात त्यांचे अंथरूण मी बदलत होते, तोंडात पाणी मी घालत होते, आणि सांगायला त्यांना मुलगाच जवळचा वाटला. त्यांच्या फोटोला हार घालणे मी बंद केले आहे. अनिताला वाटले तर तिने घालावा.

म्हणून मी लिहून ठेवते की, कालव्यापलीकडच्या जमिनीतला माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा माझी थोरली बहीण मायव्वा, राहणार करेहट्टी, हिला मिळावा. ती माझ्याआधी गेली तर तिच्या मुलांना मिळावा. मायव्वा ही गेणबा यांच्या पहिल्या लग्नाची मुलगी आहे, असे मी शपथेवर सांगते. तिचा स्वतःचाही त्या जमिनीत हक्क आहे. तो मागायचा की नाही हे तिने ठरवावे. मागितला तर अनिताने तिच्या बाजूने उभे राहावे.

५. दादासोला यातून काही नाही. हे विसरून राहिले असे कोणी समजू नये.

६. मला अग्नी अनिताने द्यावा. दादासोने यावे, लांब उभे राहावे, त्याला कोणी हाकलू नये, पण त्याने खांदा देऊ नये. करेहट्टीला निरोप अनितानेच द्यावा. माझे मरण दादासोने तिथे एकदा सांगितले आहे, दुसऱ्यांदा सांगायला त्याने जाऊ नये.

७. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम अनिताने करावे.

८. साक्षीदारांबद्दल. पहिले साक्षीदार डॉक्टर आहेत, त्यांच्याबद्दल कोणाला शंका येणार नाही. दुसऱ्या साक्षीदाराला मी बोलावले नव्हते. मृत्युपत्र करते आहे हे ऐकून ती आज कालवा ओलांडून चालत आली आणि म्हणाली, “वन्सं, मला सही करायचीय.”

मी म्हणाले, “दादासोला काय सांगशील?”

“सही केली म्हणून सांगीन. त्या घरात कुणीतरी खरं बोलायला पायजे.”

मी तिला दोनदा विचार करायला सांगितले. तिने चपला काढल्या, आत येऊन बसली आणि पेन मागितले.

वर लिहिलेले सगळे मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण: मारकड वस्ती, भवानीनगर, ता. इंदापूर, जि. पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
(सही) सारजा सोपान मारकड

साक्षीदार:
१. (सही) डॉ. संदेश विजयसिंह देवकाते, बारामती
२. (सही) सुकन्या दादासो कानडे, कालव्यापलीकडची वस्ती. नाते: भावजय.