इंझोरीच्या हॉलमधल्या आवाजाची वाटणी

मी, देवमन संपत खंडारे, वय ७१, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम, माझ्यामागे काय कोणाचं हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे आणि कानही ठिकाणावर आहेत. दोन्हींचे डॉक्टरी दाखले सोबत जोडले आहेत. मृत्युपत्राला कानांचा दाखला कशाला, असं वकिलांनी विचारलं. ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर आणि नाल्याकाठचं शेत माझी पत्नी रुख्मिणी हिला तिच्या हयातीत, आणि तिच्यानंतर मुलगा अश्वजित व मुलगी पल्लवी यांना समसमान. याबद्दल दोघांचीही तक्रार नाही. भावंडं शेताच्या धुऱ्याबांधासाठी भांडतात हे मी गावोगाव पाहिलं. माझ्या पोरांनी स्पीकरच्या आवाजावरून बोलणं टाकलं. हे चारचौघांत सांगायचीही सोय नाही.

२. हॉलमधला ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर, माप घ्यायचा माईक आणि लॅपटॉप. माझी सगळी नोकरी कारंजा लाडच्या स्टँडवर हॉर्नच्या गर्दीत गेली. निवृत्तीनंतर भीमगीतांतली ढोलकी एकदा नीट ऐकावी म्हणून हे सामान घेतलं. पण हॉल पडला सिमेंटचा, खाली टाइल्स. ढोलकीवर थाप पडली की मडक्यात बोलल्यासारखी घुमायची.

पल्लवी रिठदला दिलेली, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने खोलीचा आवाज दुरुस्त करणारं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये टाकलं. माझ्या खुर्चीवर माईक ठेवायचा, स्पीकरमधून खालच्या घुमण्यापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा आवाज सोडायचा, मग आलेख पाहून जो सूर घुमतो तो हाताने कापायचा. फुकटचं सॉफ्टवेअर नुसतं दाखवतं, करावं आपल्यालाच लागतं. पोरीने सुट्टी त्यात घातली, पण ढोलकी मोकळी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून अश्वजित आला. त्याने विकतचं सॉफ्टवेअर आणलं. किंमत मी विचारली नव्हती, त्याने दोनदा सांगितली. हे सगळं आपोआप करतं. आपण माईक इकडून तिकडे ठेवायचा आणि गप्प बसायचं. मग त्याने आधी बहिणीची दुरुस्ती लावली, ती पातळ वाजली. स्वतःची लावली, ती भरदार. तेव्हा पल्लवी तिथेच बसली होती. हा तिला म्हणाला, "फुकटात असंच भेटते." ती उठली आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने रिठदला गेली.

३. पुढे फाल्गुनात विकतचा आवाजही घुमायला लागला. मी अश्वजितला फोन केला, तर म्हणाला, "बाबा, सॉफ्टवेअर बराबर आहे. तुमी कान तपासून घ्या." मी वाशिमला जाऊन कान तपासले. कान उत्तम निघाले. दाखला जोडला आहे तो हाच, आणि तो अश्वजितला फ्रेम करून द्यावा.

मग पल्लवीची दुरुस्ती पुन्हा लावली, तर ढोलकी मोकळी. मी डोक्याला हात लावला. दिवाळीत हॉलच्या मागच्या भिंतीला सोयाबीनच्या कट्ट्यांची, म्हणजे भरल्या पोत्यांची, छताला टेकेल एवढी थप्पी होती. भाव येईल म्हणून आम्ही दरसाल थांबतो, तसे थांबलो होतो. धान्याने भरलेले कट्टे घुमणारा आवाज पिऊन टाकतात. माल फाल्गुनात गेला. म्हणजे पोरीने मापला रिकामा हॉल आणि पोराने मापला कट्ट्यांचा. दोघांची गणितं बरोबर, खोल्या वेगळ्या. पुढच्या दिवाळीला कट्टे लागले तेव्हा अश्वजितचं पुन्हा भरदार वाजलं, म्हणून मी हे खात्रीने लिहितो.

दोघांनाही फोनवर समजावलं. तो म्हणाला, मग विकतचंच चांगलं की नाही? ती म्हणाली, मग माझं कुठे चुकलं? एवढे शिकलेले, पण ऐकायची तयारी एकाचीही नाही. बुद्धपौर्णिमेला एक सकाळी येतो, दुसरी संध्याकाळी, आणि खिरीचं पातेलं गॅसवर दोनदा चढतं.

४. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना अश्वजितच्या नावावर आहे. जे आपलं नाही ते देता येत नाही, असं वकील म्हणाले. तेव्हा तो त्याचाच. फुकटच्याला वारस लागत नाही.

५. माझं लांब वायरचं एक्स्टेन्शन बोर्ड शेजारी सेवालाल राठोड याच्याकडे लग्नासाठी गेलं. त्या लग्नातल्या नवरीचा पोरगा आता शाळेत जातो. बोर्ड सेवालाललाच देणार होतो, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. तरी त्याने ते सहीच्या आधी आणावं.

६. हे लिहिताना रुख्मिणी शेजारी शेंगा फोडत बसली आहे. कलम दोनमधलं सामान कोणाला द्यावं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दोघं एका टायमाले या घरात जेवले त्याले दोन सालं झाले. पेट्या कोनालेबी द्या, मले ते संगं जेवनं लिहून पायजे."

म्हणून लिहितो. सामान दोघांचं मिळून, आणि ते इंझोरीच्या हॉलमधून हलवायचं नाही. सालातून दोनदा, कट्टे लागल्यावर एकदा आणि माल गेल्यावर एकदा, दोघांनी एकाच दिवशी येऊन माप घ्यावं. माईक पल्लवीने ठेवावा, बटण अश्वजितने दाबावं. माप चालू असताना खोलीत कोणी बोलायचं नसतं, तेवढा वेळ तरी शांततेत जाईल. आवाज जमला की नाही ते आई सांगेल. मग तिघांनी जेवावं.

दोन्ही मापं लॅपटॉपमध्ये एकदा साठवून ठेवली की पुन्हा कधीच घ्यावी लागत नाहीत. हे मला माहीत आहे, त्या दोघांनाही माहीत आहे. तरी दरसाल घ्यावीत.

वरचा मजकूर मी रुख्मिणीला मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

ठिकाण: इंझोरी
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

(सही) देवमन संपत खंडारे

साक्षीदार:
१. (सही) देवानंद तायडे, निवृत्त वाहक, कारंजा लाड
२. (सही) सेवालाल राठोड, शेजारी. बोर्ड आणलं आहे.