बंबाचं पाणी

१२ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या जुन्या प्रयोगशाळेत, तुझ्याच खिडकीशी बसते. खिडकी अजून नीट लागत नाही. विद्यार्थ्यांना दाखवायला तुझा गाजलेला प्रयोग लावला: कडू शेंगांच्या बिया रात्रभर भिजवायच्या, बीमधलंच एन्झाइम बीमधलं विष तोडतं, सकाळी बी खायला निर्धोक. विष तुटलं नाही. बिया बदलल्या, मोजायचं यंत्र तपासून घेतलं, पुन्हा लावला. विष जिथल्या तिथे.

चूक माझी असेल असंच धरून चालले आहे. पण ताई त्या बियांचं कारखान्यातलं पीठ तिच्या लेकीला, चिमणीला, रोज देते. ‘आमच्या मावशीचं पीठ’ म्हणून शेजारणींनाही वाटते. ती लिहिते की चिमणी हल्ली जिना चढत नाही, कडेवर घे म्हणते. ताईला हे लाड वाटतात. मला तसं वाटत नाही. प्रयोगावरच्या तुझ्या लेखात लिहायचं राहून गेलं असं काही आठवतं का?

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मोजपट्टी

१८ जून

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

राग आला. शेकडो लेखांनी त्या प्रयोगाचा आधार घेतला, पाठ्यपुस्तकांत तो गेला, त्यावर कारखाना उभा राहिला. ते सगळे झोपले होते आणि तू एकटी जागी? लहानपणी वाढदिवसाचा केक मोजपट्टी लावून कापायचीस आणि तोवर मेणबत्त्या वितळून जायच्या, तशातलं हे.

राहून काय जाणार? बिया, पाणी, रात्र. पाणी डिस्टिल्डच, प्रयोगशाळेतल्या आमच्या तांब्याच्या बंबात वाफ धरून काढलेलं. तो भंगारात गेला हे ऐकून वाईट वाटलं होतं. तुमचं काचेच्या यंत्रातलं पाणी तुम्हाला लखलाभ.

चिमणीला डॉक्टरांना दाखवा. पिठाशी संबंध नाही, पण दाखवा.

लोभ आहेच, तो काय मोजायचा.

मावशी

२५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बंबाचं वाचलं आणि काचेच्या यंत्रातल्या पाण्यात तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून बिया भिजवल्या. विष तुटलं. तारेशिवाय भिजवल्या, ते राहिलं. त्या एन्झाइमला किंचित तांबं लागतं; तुमच्याकडे ते बंबातून येत होतं. ज्यांनी प्रयोग करून पाहिला त्यांच्याकडेही तसलेच बंब असावेत. बाकीच्यांनी नुसतं तुझं नाव घेतलं.

कारखान्यात बिया प्लॅस्टिकच्या टाक्यांत भिजतात. मी व्यवस्थापकांना फोन केला. ते फार सभ्यपणे म्हणाले, की तुमच्या मावशींचं काम जगाने मानलंय, आपण कोण?

ताईने पीठ बंद केलं. डॉक्टरांकडे मी सोबत गेले. त्यांनी चिमणीच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, ताठरल्यात म्हणाले. वेळेवर आणलंत असंही म्हणाले, पण ते टेबलाकडे बघून.

आज किती घरांत ते पीठ कालवलं जात असेल, याचा मला अंदाजही करता येत नाही. मावशी, लेख मागे घे. माझ्या सहीने टाक्या थांबणार नाहीत, तुझ्या सहीने थांबतील.

यानंतरही लोभ राहिला तर कळव.

तुझी,
मोजपट्टी

२९ जून

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच कारखान्यात गेले. तुझ्या सभ्य व्यवस्थापकाने माझ्या लेखाचं पहिलं पान फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. आधी ते उतरवायला लावलं. मग टाक्या रिकाम्या होईपर्यंत फाटकाशी खुर्ची टाकून बसले. दुकानांतला माल परत मागवतायत. पोटात गेलेला कोण मागवणार?

लेख मागे घेतल्याचं नियतकालिकाला कळवलं. ज्यांनी ज्यांनी आधार घेतला त्यांना एकेक पत्र लिहिते आहे. यादी वाढली की मी खूश व्हायचे. आता कुठलंही नाव लिहिलं की त्यामागे एक जिना दिसतो आणि खालच्या पायरीशी हात वर करून उभं असलेलं पोर.

लोभाचं विचारलंस. या घरात माझ्या शब्दाची शहानिशा तू एकटीने केलीस, त्यामुळे तो आता सगळा तुझ्याच वाट्याला.

चिमणी पायरी चढली की दोन ओळी टाक. नाही चढली तरी टाक.

मावशी