श्वासाचा होकार

३ मार्च

लागली एकदाची नोकरी! छापखान्याला कुलूप लागल्यापासून चौदा महिने घरात माशा मारत होते, आणि आमच्या स्वीडनच्या उत्तरेत मार्चमध्ये मारायला माशाही नसतात. नदीपलीकडच्या गोदामात कप्प्यांमधून माल काढून द्यायचा. सहा महिने हंगामी, मग कायम. कायम झाले की दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळेल आणि माझी टीरा तिच्या बापाकडून माझ्याकडे राहायला येईल. मे महिन्यात सोळा वर्षांची होईल पोरगी. शनिवार-रविवारची आई होऊन मला कंटाळा आलाय.

५ मार्च

आज हेडफोन मिळाला. हातात कागद नाही, डोक्यावर साहेब नाही. कानातली बाई सांगेल तिकडे जायचं. ती म्हणते रांग चौदा, कप्पा तीन. मी कप्प्यावरचे आकडे वाचते, ती धन्यवाद म्हणते, की पुढे. आवाज गोड आहे, एखाद्या मावशीसारखा. तिला माझा आवाज कळावा म्हणून अर्धा तास शब्द वाचून दाखवले.

गंमत म्हणजे आम्ही इकडची माणसं 'हो' म्हणतच नाही. नुसता श्वास आत ओढतो, सुर्रकन. स्टॉकहोमवाल्यांना वाटतं आम्हाला दमा आहे. आधी कानातल्या या बोलत्या यंत्रालाही हा होकार कळत नसे. आमचा मुकादम क्रिस्तोफर, पोरगेलासा, दक्षिणेचा, कॉफीच्या वेळी छाती फुगवून सांगत होता, की तुम्ही सवय बदलू नका, आम्ही यंत्रालाच शिकवलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दालचिनीचे पाव झकास होते.

१४ मार्च

कामगिरीच्या यादीत माझं नाव वरून सहावं! शेजारच्या रांगेत रुने असतो, एकसष्ट वर्षांचा, तीस वर्षं इथेच. तो यंत्राशी खणखणीत 'हो' आणि 'नाही' बोलतो, परक्या मुलखातल्या माणसासारखा. आज कॉफीला मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं अनेली, तिला तोंडाने उत्तर देत जा. श्वास सांभाळ."

म्हाताऱ्याला यंत्राचं वावडं आहे, दुसरं काय.

२७ मार्च

कुत्र्यांच्या खाण्याचं वीस किलोचं पोतं उचललं, कळ आली आणि श्वास आत गेला. लगेच कानात आवाज आला, "धन्यवाद. कॉफीची सुट्टी सोडल्याची नोंद झाली." तिने कधी विचारलं ते माझ्या लक्षातही नव्हतं. क्रिस्तोफरने पडद्यावर दाखवलं: तिचा प्रश्न, खाली माझा श्वास. ऐकवलाही. माझाच होता. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, हंगामी माणसाने तक्रारी केल्या तर कायम करताना त्या डोळ्यांवर येतात. मी गप्प बसले. टीरासाठी गप्प बसले, हे लिहून ठेवते.

९ एप्रिल

ईस्टरची सुट्टीही तशीच एका श्वासात गेली. टीरा येणार होती, तिला नको म्हणून कळवावं लागलं. बाई आता मी शिडीवर असतानाच विचारते, नाहीतर जड खोकं छातीशी असताना. माझा श्वास कुठे चुकतो ते तिला पाठ झालंय. मीही रुनेसारखं तोंडाने 'नाही' म्हणून पाहिलं. पण शब्दाआधी श्वास घ्यावाच लागतो, आणि तेवढा तिला पुरतो.

रुने कॉफीला येत नाही. आज त्याला दोन कप्प्यांमध्ये पाहिलं. गाल फुगवलेले, तोंड बिटासारखं लाल. श्वास कोंडून उभा होता.

२२ एप्रिल

रुने पडला. रांग एकतीस. मी धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळे पडले होते. मग त्याने एकदम मोठा श्वास आत ओढला आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला.

"धन्यवाद, रुने."

संध्याकाळी घरी जाताना क्रिस्तोफरने सांगितलं की रुनेने स्वखुशीने राजीनामा दिला.

२ मे

मी कायम झाले. चार महिने आधीच. कानातल्या बाईने विचारलं आणि मी तोंडाने, मोठ्याने 'हो' म्हटलं. फोनवर टीरा रडली. मीही रडले. आनंदानेच, बहुतेक.

८ मे

हेडफोन आता घरी असतो. त्यालाही मी कधीतरी हो म्हटलंय म्हणे. स्वयंपाकघराच्या टेबलावर हिरवा दिवा लुकलुकतो. कानाला न लावताही ऐकू येतं.

१५ मे

नोकरी सोडते म्हणून सांगितलं. घर नको, काही नको. क्रिस्तोफर म्हणाला, तिला सांग. तिला सांगितलं. ती म्हणाली, कायम माणसाला आपल्या जागी बदली माणूस दिल्याशिवाय जाता येत नाही, हे तू मान्य केलं आहेस. मग थोडी थांबली. आणि विचारलं, "टीरा?"

मी हो म्हटलं नाही. मी फक्त घाबरले. घाबरल्यावर माणूस काय करतो —

"धन्यवाद."

१७ मे

क्रिस्तोफरला विनवलं. पाया पडायचंच बाकी होतं. त्याने पुन्हा माझा श्वास ऐकवला.

टीराला फोन — उचलत नाही —

१९ मे, शनिवार

टीरा दारात. बॅग घेऊन, हसत. उन्हाळी कामाचं पत्र आलंय तिला. गोदामाचं. आई, आपण एकाच ठिकाणी, म्हणाली.

मी बोलत नाही. बोलायला श्वास लागतो. लिहून दाखवते.

टीरा, पत्र फाड. बापाकडे जा. ती काही विचारेल. तू माझी आहेस, तुझा होकारही माझ्यासारखाच —

हेडफोन टेबलावर नाही.

टीराच्या गळ्यात आहे. नवा आहे का आई, विचारते. वहीवर वाकलीय. वरून वाचायला लागलीय, रुनेपाशी आलीय, डोळे मोठे होताहेत —

टीरा, घाबरू नकोस. काहीही वाचलंस तरी श्वास आत