वलणीवरचा मुकटा

शरदिनी वन्सं,

हे पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते. तुम्ही फोनवर म्हणता, लॉकडाऊनमुळे दादाच्या हातून आईची सेवा घडतेय. घाटावरची पूजा बंद, यजमान येत नाहीत, तरी तुमचे दादा दिवसभर रेशमी मुकटा नेसून बसतात. आईंनी अंथरुणात घाण केली की "मी सोवळ्यात आहे" म्हणत नाकाला उपरणं लावतात आणि मला हाक मारतात. मग माझ्याच हातचा वरणभात मिटक्या मारत खातात. मला किळस येते, पण ती आईंची नाही.

आज ते आंघोळीला गेल्यावर वलणीवरचा मुकटा ओढला आणि त्यानंच आईंना पुसलं.

आई म्हणाल्या, "आजचं फडकं मऊ आहे गं."

तुमची वहिनी,
बकुळ