नुसत्या डोळ्यांनी बिबट्या

२ जानेवारी, सकाळ
संकल्प. यंदा आफ्रिका. जंगल, जीप, बिबट्या.

साडू गेल्या वर्षी जाऊन आला तेव्हापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. काल जेवायला आला, तर हात धुवायच्या आत फोन काढून बिबट्याचा फोटो सगळ्यांना दाखवला. मीही पाहिला. खास काही नाही. धूसर आहे. फोटो काढता येत नाही त्याला.

वर म्हणतो, दुर्बिणीतून पाहिला. दुर्बिणीतून काय, कोणीही पाहील. शिवाय त्याच्या नाकावर चष्मा, तोही जाड, तोही मीच बनवलेला. चष्म्याच्या दुकानाचा मालक असून मला स्वतःला चष्मा नाही, हे मी त्याला दर भेटीत ऐकवतो. तेव्हा ठरलं. साडूच्या नाकावर टिच्चून बिबट्या बघायचा, आणि नुसत्या डोळ्यांनी.

बायकोला सांगितलं. आधी तिला खरंच वाटेना. मग म्हणाली, बिबट्याच हवा असं काही नाही, जिराफ चालेल, माकडसुद्धा चालेल. पण काहीतरी एक आपण दोघांनी मिळून बघू या. लग्न झाल्यापासून आपण दोघांनी मिळून फक्त दुकानाची बिलं बघितली.

मी म्हटलं, बिबट्याच.

५ जानेवारी
बायकोची अट. जायच्या आधी डोळे तपासून घ्या. हसू आलं. शिंप्याला कोणी सांगतं का, माप देऊन या म्हणून?

दुकानात डोळे तपासायला एक मुलगी ठेवली आहे. डिग्रीवाली, हुशार, पण भोचक. बायकोने तिलाही फितवलेलं दिसतं. दुपारी म्हणाली, सर, कोणी नाहीये, बसता का खुर्चीत? बसलो. समोरचा तक्ता वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवला. ती म्हणाली, सर, मी अजून तक्त्याचा दिवा लावलेला नाही.

अनुभव म्हणतात तो हाच. मुलीला कळायला वेळ लागेल.

ता. क. माझं अक्षर हल्ली मोठं आणि डौलदार झालंय. आत्मविश्वासाचं लक्षण.

१९ जानेवारी
ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आलो. त्याने ग्रुप टूर गळ्यात मारली. मी माझा प्लॅन स्वतः करणार होतो, पण नकाशे फारच बारीक छापतात. कागद वाचवतात मेले.

जंगलात स्तब्धता महत्त्वाची. आजपासून सराव. काउंटरमागे अजिबात न हलता बसलो. एक गिऱ्हाईक आलं, कोणी आहे का म्हणून दोनदा हाक मारली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेलं. सराव यशस्वी. धंदा नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
पहाटे उठून गावाबाहेरच्या तळ्यावर. प्रत्यक्ष प्राणिनिरीक्षण. बायको आली नाही, झोप प्यारी.

बगळा दिसला. पांढराशुभ्र. काठाजवळच्या झुडपापाशी एकाग्र उभा. मीही उभा. तो हलेना, मीही हलेना. ऊन चढलं तरी दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही. शेवटी मलाच दुकान उघडायचं होतं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, ती प्लास्टिकची पिशवी आहे, झुडपाला अडकलेली, दिवाळीपासून तिथेच आहे, आमचा फिरायला जायचा ग्रुप रोज बघतो. पिशवी अशी मान ताठ करून उभी राहते का? वाद घातला नाही. निसर्ग सगळ्यांना कळतो असं नाही.

२७ फेब्रुवारी
बॅगा भरून झाल्या. बायकोने गुपचूप दुर्बीण टाकली होती. मी गुपचूप काढली.

२ मार्च, विमानतळ
भलत्याच रांगेत उभं राहणं झालं. चूक माझी नाही. बोर्डवरची अक्षरं हल्ली फार कलात्मक काढतात. माझा नंबर आला तेव्हा समोरच्याने विचारलं, कॉफी साधी की दूध घालून? निर्विकारपणे साधी घेतली. बायकोने धावत येऊन दंडाला धरून नेलं. लोकांसमोर असं ओढणं बरं नव्हे.

४ मार्च, जंगल
पोचलो! हत्ती पाहिले. जीपच्या अगदी शेजारून गेले. भव्य. दुपारी जिराफ. लांब होते. मी मान डोलावली.

बायको सारखी विचारते, दिसलं का, दिसलं का. प्राणी बघायचं सोडून माझ्याचकडे बघत बसते. एवढा खटाटोप करून हिला आणलं, उपयोग शून्य.

५ मार्च, संध्याकाळ
बिबट्या!!

ड्रायव्हरने जीप थांबवून हळूच हात केला. सगळे श्वास रोखून. बायको कोपर ओढत होती, तिकडे, तिकडे. पण मला कोणी दाखवायची गरजच नव्हती. माझं मी शोधलं. झाडावर पहुडलेला, पिवळट अंग, ठिपके, खाली लोंबणारं शेपूट. आणि संयम किती! पापणीसुद्धा हलली नाही. मी म्हटलं, दिसला. डोळे भरून आले. दुर्बीण नाही, चष्मा नाही, काही नाही.

बाकीचे म्हणतात, तो लगेच उडी मारून पळाला. मला तर जीप हलेपर्यंत तिथेच दिसत होता. याचा अर्थ बिबटे दोन होते. साडूपेक्षा एक जास्त.

सगळे बघत होते तेव्हाच पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून आम्हा सगळ्यांचा फोटो काढला. बायकोला विचारलं, पाहिला ना नीट? ती म्हणाली, हो, आपण दोघांनी पाहिला. आवाज जरा बारीक होता. भारावली असणार.

१४ मार्च
बाईंनी फोटो पाठवला. फोनवर पाहिला. जीप आहे, सगळे आहेत, मी भारदस्त दिसतोय. लगेच मोठा करून फ्रेममध्ये घातला आणि दुकानात दारासमोरच्या भिंतीवर लावला. येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडावी. साडूला उद्या मुद्दाम बोलावलंय.

१५ मार्च, दुपार
साडू आला. फोटोपुढे उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग हसायला लागला. इतका हसला की तपासणीच्या खुर्चीत बसावं लागलं. जाताना एवढंच म्हणाला, दिव्याखाली अंधार.

जळतो. दुसरं काय! मुलगीही पाठ करून फ्रेमा लावत होती. तिचे खांदे हलत होते.

१५ मार्च, नंतर
साडूचं हसणं काही केल्या डोक्यातून जाईना. दुकान बंद करायच्या आधी मुलीला म्हटलं, लाव दिवा. तिने दिवा लावला आणि तक्ताही दुसरा लावला. वरचं एक अक्षर आलं. तेही अंदाजाने.

तपासून झाल्यावर ती म्हणाली, सर, नंबर साडूंच्या वर आहे. लांबचाही, जवळचाही.

भिंगं घातलेली तपासणीची ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून फोटोपाशी गेलो.

एका कडेला, फांदीवर, बिबट्या. स्वच्छ दिसतोय. मिश्यासुद्धा दिसतात. जीपमधल्या सगळ्यांच्या माना त्या बाजूला. माझी एकट्याची बरोबर उलट बाजूला. तोंडभर हसू, आणि समोर एक वठलेलं झाड. शेपूट म्हणजे मोडकी फांदी.

बायकोचा हात बिबट्याकडे आहे. डोळे नाहीत. ती माझ्याकडे बघते आहे.

घरी गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, बिबट्या कसा होता गं? म्हणाली, मला काय माहीत. तुम्हाला दिसतोय की नाही तेच बघत राहिले, तेवढ्यात तो गेला. तुम्ही दिसला म्हणालात, म्हटलं चला, एकाला तरी दिसला.

फार वाईट वाटलं. टॉवेलाची घडी करायला घेतली, ती तिने काढून घेऊन पुन्हा नीट केली.

म्हटलं, परवा चष्मा मिळेल. पुढच्या रविवारी दोघं तळ्यावर जाऊ, बगळा बघू. ती म्हणाली, अहो, पिशवी आहे ती.

म्हटलं, चालेल. पिशवी बघू.