कोनाड्यातली कपबशी

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी भांडायला मला तोंड उरलेलं नाही.

तानसा तलावाच्या बाजूला साहेबाच्या एका जुन्या बंगल्यात तू झाडलोट करायचीस. तो बंगला रिकामा केला तेव्हा एक कपबशी तुझ्या वाट्याला आली. पातळ, पांढरीशुभ्र, तिच्यावर मोठाली गुलाबी फुलं आणि पानांत बसलेला निळा पक्षी. केवढी हरखली होतीस! पण बाबा उंबऱ्यातच आडवे आले, "सायबाचं उष्टं घरात नाय यायचं." मग ती पडवीच्या कोनाड्यात गेली, आदिवासी वाडीवरच्या मावशीसाठी. मावशी डोंगरातली कंटोळी विकायला घेऊन यायची, पायरीवर बसायची, तू हात न लागू देता वरून चहा ओतायचीस. पिऊन झालं की ती स्वतःच कप धुवायची आणि कोनाड्यात पालथा घालायची. घरात आम्ही कान तुटलेल्या कपांतून प्यायचो. एकदा मी त्या कपातून गुपचूप पाणी प्यायले, तर तू फाडकन तोंडात मारलीस. "तो तिचा हाय गो, बाटशील!" पुढे शिकले तशी यावरून मी तुझ्याशी किती भांडले. शेवटी तू वैतागून म्हणालीस, "तू शिकलीस ना? मग तू घे तिला आत."

मागच्या महिन्यात मुरबाडची एक मैत्रीण घरी आली. जुन्या वस्तूंची तिला जाण आहे. कप उलटा करून बुडावरची पुसट खूण तिने पाहिली. म्हणाली, "अगं, हे जुनं विलायती काम. चिनी धाटणीची फुलं आहेत. आणि हे तू पडवीत ठेवतेस?" त्याच संध्याकाळी मी कपबशी घासूनपुसून आतल्या काचेच्या कपाटात मांडली. बाटण्याचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

काल मावशी आली. कमरेत पार वाकली आहे. कोनाडा चाचपून म्हणाली, "माजा कोप कुठं गो?"

"फुटला," मी म्हटलं.

तिने कोनाड्यातला हात मागे घेतला. "तुज्या आयनं लय जपलेला." मग पायरीवर बसूनच कागदी ग्लासातला चहा प्यायली. दारातून तिला कपाट दिसत होतं की नाही, कोण जाणे. जाताना तिने तो ग्लास विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला. अजून तिथेच आहे, माझ्याने उचलवत नाही.

हा कागद तुझ्या फोटोमागे सरकवून ठेवणार आहे. 'मावशी, आत ये' हे मला तेव्हा सुचलंच नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे आई. सुचलं होतं.